नळ आला, आता टाक्या उपसायच्या

त्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे तूरडाळ शिजेना. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टणकच. पहिल्या दिवशी मी दुकानदाराला बोल लावला, दुसऱ्या दिवशी डाळ बदलली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "डाळ बरी आहे. पाणी मचूळ झालंय."

आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, पुळणीमागे माडापोफळीची आगरं, आगरांत घरं, मग चढण आणि वर कातळाचा सडा. प्रत्येक आगरात विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या गोडं होतं. ते तसं का होतं आणि आता का बिघडलं, हे मला पुढे गावच्या पाणी समितीत गेल्यावर भूजल खात्याच्या एका साहेबांनी कागदावर रेघ मारून समजावलं. गोडं पाणी हलकं, खारं जड. वाळूच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक फूट असेल, तर त्याच्या जोरावर खाली साधारण चाळीस फूट खारं पाणी रोखलं जातं. तुम्ही वरचं एक फूट उपसलंत की खालून चाळीस फूट खारं वर यायला मोकळं. रहाटाने, पोहऱ्याने पाणी काढायचे तेव्हा हा तोल राहत असे. आता दर दोन आगरांआड पर्यटकांच्या खोल्या, दोन-तीन मजली इमारती, आणि प्रत्येकीची बोअर. माझ्याही चार खोल्या आहेत आणि मोटर मीसुद्धा बसवली होती.

नळपाणी योजना गावात नव्हती असं नाही. नदीवर जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून सात-आठ गावांना पाणी देणारी प्रादेशिक योजना होती, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. ती आखली तेव्हा माणशी रोज ४० लिटर धरत. आम्ही तिच्या शेपटाला. वरच्या गावांचं भागल्यावर उरेल ते आमच्याकडे, तेही एक दिवसाआड, पहाटे, करंगळीएवढ्या धारेने. जुन्या सिमेंटच्या पाइपांतून किती पाणी वाटेतच मुरत होतं ते कुणी मोजलेलं नव्हतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे. जांभा तो चाळणीसारखा गिळतो आणि मार्चपर्यंत सोडून देतो. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजल वाशिष्ठीतून बारा महिने दाभोळच्या खाडीला मिळतं, आणि त्याच तालुक्यात सड्यावरच्या वाड्या एप्रिलपासून टँकरची वाट बघतात. हे मला आजही पटत नाही.

घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जल जीवन मिशनमध्ये योजनेचं वाढीव काम मंजूर झालं, तेव्हा गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नव्याने झाली. निम्म्या बायका हव्यात, म्हणून ग्रामसेवकांनी माझं नाव घातलं. पहिल्या सभेला गेले तर इतिवृत्ताची वही पुढे आली आणि "वहिनी, इथे सही करा" एवढंच. मी सही केली नाही. म्हटलं, आधी वाचून दाखवा. वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की माणशी ५५ लिटर धरलेत आणि माणसं धरलीत ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढवून.

इथून माझं खरं काम सुरू झालं. २०११ ची जनगणना झाली फेब्रुवारीत. तेव्हा गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलपं. गणपतीत, शिमग्याला, मेच्या सुट्टीत मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा एकेका घरात पंधरा-पंधरा माणसं असतात, आणि आता त्यावर पर्यटक. म्हणजे पाणी सगळ्यांत कमी असतं त्याच महिन्यात माणसं सगळ्यांत जास्त. पाइपलाइन ३० वर्षांच्या हिशोबाने टाकतात, पंप १५ वर्षांच्या. आज चुकीचा आकडा गेला, तर माझी नातसून तीच करंगळीएवढी धार बघणार.

शाखा अभियंता तरुण होते, घाटावरचे. ते म्हणाले, "मॅडम, मला कागद द्या. तोंडी सांगून मी लोकसंख्या वाढवू शकत नाही." ते बरोबरच होतं. मग आम्ही तिघी, मी, अंगणवाडीच्या ताई आणि भंडारवाडीतली एक सून, शंभरपानी वह्या घेऊन घरोघर फिरलो. घर उघडं की बंद, बंद असेल तर वर्षात किती दिवस उघडतं, गणपतीला किती माणसं, भाड्याच्या खोल्या किती, खाटा किती, विहीर आहे का, मेमध्ये आटते का. खोल्यांचा आकडा द्यायला लोक कचरत, घरपट्टी वाढेल म्हणून. मी आधी माझ्याच खोल्या पहिल्या पानावर लिहिल्या आणि ते पान दाखवत गेले. अकरा दिवस लागले. त्या वह्यांवरून तक्ता केला, ग्रामसभेचा ठराव जोडला, आणि गावातल्या उंच टाकीची क्षमता वाढवून मिळाली. मूळ माणशी ५५ चा आकडा बदलला नाही, तो निकष आहे. पण सुट्टीच्या दिवसांत साठा पुरावा एवढं तरी पदरात पडलं.

टाकीला जागा हवी होती. सड्याच्या कडेला दोन गुंठे, म्हणजे खाली आगरापर्यंत पाणी आपल्या उतारानेच येईल. दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो, सड्याची उंची फुकट वापरायची. जागा देणारी भावकी तयार होती. सातबारा काढला तर त्यावर एकतीस नावं. त्यातली कित्येक माणसं वारलेली, वारसांची नोंद नाही. बाकीचे लालबाग, डोंबिवली, नालासोपारा, एक जण बडोद्याला. कोकणात हे घरोघरी आहे. जमीन आपली असते आणि कुणा एकाची नसते. बक्षीसपत्र करायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आधी वारसनोंदी हव्यात.

आम्ही गणपतीची वाट बघितली. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी भावकीतल्या थोरल्या घरच्या ओटीवर सगळे जमले. तलाठी भाऊसाहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, मृत्यूच्या दाखल्यांच्या झेरॉक्स पिशवीत होत्या. थोरले आजोबा आडून बसले, "टाकीखाली आमची काजूची झाडं जाणार ती जाणार, पण वरच्या वाडीला नळ नाही आणि खालच्या हॉटेलांना पाणी, असं होणार असेल तर मी अंगठा देत नाही." त्यांचं काय चुकलं? सड्यावरची वाडी टाकीच्याच उंचीला. उताराने तिथे पाणी चढणार नव्हतं आणि आराखड्यात त्याची सोय दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी अभियंत्यांना फोन केला, ते स्वतः येऊन लेव्हल घेऊन गेले. वरच्या वाडीसाठी छोटी वेगळी टाकी आणि तिला चढवणारा लहान पंप आराखड्यात आला, तेव्हा आजोबांनी सही केली. अंगठा नाही, सही, मोडीत सही करावी तशी लफ्फेदार. एका सहीसाठी मात्र आमच्या सरपंचांना बडोद्याला जावं लागलं.

गावांतर्गत कामाच्या खर्चात दहा टक्के लोकवर्गणी होती, रोख किंवा श्रमाने. काहींनी पैसे भरले, काहींनी पाखाडीतले, म्हणजे चिरेबंदी पायवाटेतले, चिरे काढून, पाइप पडल्यावर परत बसवून दिले.

चर खणायला लागले तेव्हा दुसरी लढाई. कंत्राटदाराचं नाव घेत नाही. कातळ फोडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, म्हणून जिथे कातळ लागला तिथे चर वीतभर खोल आणि पाइप टाकून वर माती ओढलेली. एस्टिमेटमध्ये पाइपावर ९० सेंटीमीटर माती लिहिलेली होती. मी शिवणकामाची टेप घेऊन गेले. मुकादम म्हणाला, "काकू, तुम्ही घरी जा, ऊन लागेल." मी बसले तिथेच, काजूच्या सावलीत. तीन दिवस जाऊन बसले. चौथ्या दिवशी ब्रेकर आला.

पाइप जोडताना बघण्यासारखं असतं. काळ्या एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपांच्या दोन तोंडांमध्ये तापलेली गोल तवी धरतात, दोन्ही कडा मेणासारख्या मऊ झाल्या की तवी झटकन काढून तोंडाला तोंड दाबून धरतात. सांध्यावर बांगडीसारखी एक गोल कड उठते. ती सगळीकडून सारखी उठली तर सांधा पक्का, एका बाजूला बारीक असेल तर समजायचं की घाई झाली. वेल्डिंग करणारा मुलगा बिहारचा होता, त्यानेच मला हे शिकवलं, आणि तो स्वतः घाई करत नसे. पुढे दाबाची चाचणी झाली. लाइन पाण्याने भरून, दोन्ही टोकं बंद करून, हातपंपाने दाब चढवायचा आणि घड्याळ लावून काटा बघत बसायचं. आमच्या लेनचा काटा पाच मिनिटांत खाली यायला लागला. सगळे चर बुजवण्याच्या घाईत होते. आम्ही बुजवू दिला नाही. चरातून चालत चालत गेलो तेव्हा देवळामागच्या वळणावर माती ओली दिसली. तिथला सांधा त्या मुलाच्या सुट्टीच्या दिवशीचा होता.

शिमग्याच्या चार दिवस आधी पाणी आलं. रोज, सकाळी दोन तास, चांगल्या दाबाने. व्हॉल्व्हमन म्हणून गावातलाच मुलगा लागला. ब्लीचिंग पावडरचं गणित त्याला पाठ आहे, लाख लिटरला साधारण तीनशे ग्रॅम, पावडर जुनी असेल तर वाढवून. शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीत, पिवळा रंग आला पाहिजे, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. शेवटचं घर आमचं. रंग रोज मी बघते.

डाळ शिजायला लागली.

मे महिन्यात एक गोष्ट घडली आणि आधी सगळे खूश झाले. देवळाजवळचा पऱ्या, म्हणजे ओढा, जो एरवी जानेवारीतच कोरडा पडतो, तो वाहत होता. पोरं म्हणाली, पाणी मुरलं, झरे जिवंत झाले. मी पुलावर उभी राहिले तर वास आला. साबणाचा फेस होता, आणि पाणी राखाडी. ते आमच्याच नळांचं पाणी होतं.

माणशी ५५ लिटर पाणी घरात येतं, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं हा सगळीकडे धरला जाणारा हिशोब. म्हणजे माणशी ४४ लिटर. पाच माणसांच्या घरातून रोज २२० लिटर. ते कुठे जाणार, हे आमच्या सव्वा वर्षाच्या सभांमध्ये एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आकड्यांच्या वह्या लिहिताना खाटा मोजल्या, संडास मोजले नाहीत. पूर्वी न्हाणीचं पाणी पन्हळीतून माडाच्या आळ्यात जाई, खरकट्याचं अळवाच्या वाफ्यात. दारात पाणी बेताचं होतं, तोवर जिरवायची सोय आपोआप पुरत होती. आता प्रत्येक खोलीला शॉवर, फ्लशचा संडास, वॉशिंग मशीन, आणि मागे आगराच्या जागी फरशी. सेप्टिक टाकीचं ओघळपाणी गटारात, गटार पऱ्यात, पऱ्या पुळणीवर. तिथे पोरं क्रिकेट खेळतात.

समितीकडे पाणी तपासायचा संच होता. त्यात छोट्या कुप्या असतात, पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा धोका. मी आठ विहिरींचं पाणी भरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवलं, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच काळ्या. एक शाईसारखी. तिची चिठ्ठी वाचली, ती आमची विहीर होती.

नळ आल्यावर विहिरीची काय काळजी, असं कुणी म्हणेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा विजेचे खांब काडीसारखे मोडले आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद म्हणजे योजना बंद. तेव्हा सगळी आळी आमच्या विहिरीवर पाणी भरत होती, पडलेले माड ओलांडून. पुढचं वादळ येईल तेव्हा त्याच विहिरीवर यावं लागणार.

मी आमची सेप्टिक टाकी उघडली. टाकी म्हणजे आम्ही बत्तीस वर्षं जिला टाकी म्हणत होतो ती. वरची फरशी काढली, आत चारी बाजूंना जांभ्याचे चिरे आणि खाली वाळू. तळच नव्हता. दोन कप्पे नाहीत, काही नाही. मैला थेट वाळूत, आणि तिथून विहीर मोजली तर नऊ मीटर. निदान पंधरा मीटरचं अंतर ठेवायला सांगतात, आणि आमच्या वाळूत तर तेही थोडंच. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, रहाटावरचा दोर सोडवून आत नेऊन ठेवला.

ग्रामसभेत मी हे सगळं सांगितलं, माझ्या टाकीपासून सुरुवात करून. तरुण मंडळींनी भुयारी गटाराची मागणी केली. अभियंत्यांनी नकाशा पसरून दाखवलं की भुयारी गटाराला शंभर मीटरला निदान अर्धा-पाऊण मीटर उतार लागतो, आगरात तो नाही, आणि पावसात चार फुटांवर पाणी लागतं. दर थोड्या अंतरावर पंप बसवावे लागतील, ते चालवायला माणूस, वीज, पैसा. आमच्याएवढ्या गावाला ते झेपणारं नाही. त्यांच्याशी मी सहमत आहे. मग गावाचे तीन पट्टे धरले. चढणीच्या मातीत शोषखड्डे चालतात, एक मीटर लांब-रुंद-खोल, दगडगोटे भरून. सड्याच्या कातळात खड्डा पाणी पितच नाही, आणि पुळणीलगत खड्डा म्हणजे सरळ विहिरीत मिसळणं, म्हणून या दोन्ही ठिकाणी न्हाणी-मोरीचं पाणी जाळीतून गाळून केळी-अळू-कर्दळीच्या उथळ वाफ्यात सोडायचं. म्हणजे जुनीच रीत, फक्त मोजून-मापून. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना पाणीपट्टी वेगळ्या दराने, मीटर लावून. हा ठराव मी मांडला आणि दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मैल्याच्या टाक्यांचं अवघड आहे. दोन कप्प्यांची, तळ असलेली, वर झाकण असलेली टाकी हवी आणि ती दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. घाटावर वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी पाळी लावून प्रत्येक घरची टाकी उपसायची पद्धत बसवली आहे, टाकी भरून वाहण्याची वाट न बघता. तसंच आम्हाला करायचंय. आमच्याकडे उपसा करणारा टँकर बोलावला, तर तो पाखाडीच्या तोंडाशीच अडला. नळीला नळी जोडून तीन घरांच्या टाक्या झाल्या. मी ड्रायव्हरदादांना विचारलं, हे आता कुठे नेणार? ते म्हणाले, "ताई, खरं सांगू? रानात. दुसरी जागाच नाही." त्या दिवशी उपसा तिथेच थांबवला. शेजारचे एक काका म्हणाले, दोन माणसं लावून बादलीने काढून घेऊ, माडाला खत होईल. मी नाही म्हटलं, जरा चढ्या आवाजातच. माणूस टाकीत उतरवून मैला काढून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी ते होऊ दिलं नसतं. आत विषारी वायू असतो, माणसं मरतात.

तालुक्याच्या पातळीवर मैला वाळवायचे वाफे आणि प्रक्रियेची जागा झाल्याखेरीज पुढे सरकणार नाही. त्यासाठी आजूबाजूच्या नऊ ग्रामपंचायतींचे ठराव गोळा करतोय. त्यातले दोन यायचे आहेत. जल जीवन मिशनची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढली आहे, तेवढ्यात हेही जोडीने पुढे न्यायचा आमचा प्रयत्न आहे.

आमची नवी टाकी बांधून झाली, विहिरीपासून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, एकवीस मीटरवर. दोन कप्पे, तळाला काँक्रीट, पाण्याने भरून सात दिवस ठेवून पातळी उतरत नाही हे बघूनच वापरायला घेतली. जुन्या खड्ड्यात चुना टाकून तो बुजवला. विहीर पावसाआधी उपसली, शुद्ध केली. सप्टेंबरातली कुपी काळी झाली, नोव्हेंबरातली करडी. पुढची मार्चमध्ये भरणार, पाणी उतरल्यावर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत टाक्या उपसण्याचं पाळीपत्रक लावायचंय, वाडीवार, विहिरीला जवळच्या टाक्या आधी. कच्चं पत्रक माझ्या शंभरपानी वहीच्या मागच्या पानांवर लिहून झालंय. फक्त भंडारवाडीतली चौदा घरं मोजायची राहिलीत, ती उद्या.